पदार्थांची पाटी जितकी लहान, तितकं हॉटेल चांगलं. पटतंय का?

आलंलिंबू | 2 जून, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळतंय ते आज लिहूनच टाकते.

गेल्या रविवारी घरचे सहा जण पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात जेवायला गेलो. नाव लिहीत नाही, कारण अशी हॉटेलं आता प्रत्येक उपनगरात आहेत. मेनूकार्ड चोवीस पानांचं होतं. पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन, पावभाजी, पिझ्झा, आणि शेवटच्या पानावर 'महाराष्ट्रीयन स्पेशल' म्हणून पिठलं-भाकरी. आम्ही व्हेज कोल्हापुरी, काजू करी आणि पनीर टिक्का मसाला मागवला, शिवाय बाबांसाठी पिठलं-भाकरी. पहिल्या तिन्ही भाज्या डोळे मिटून खाल्ल्या असत्या तर कुठली कोणती ते सांगता आलं नसतं. बाबांनी भाकरीचा एक तुकडा मोडला आणि काही न बोलता दहीभात मागवला. ते काही बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्याच्या दोनच दिवस आधी नारायण पेठेत बेडेकरांकडे मिसळ खाल्ली होती. 1948 पासूनचं दुकान. मिसळ, ब्रेडचे स्लाइस, वरून सॅम्पल (पातळ तिखट रस्सा), आणि बाकीचं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. दरवेळी तीच चव.

माझं मत सरळ आहे. ज्याची पाटी लहान, त्याचं स्वयंपाकघर खरं. दहाच्या वर पदार्थ गेले की कुठेतरी तडजोड सुरू झालेली असते.

हे विचारायला कारणही आहे. माझी आत्या, वय 78, पुढच्या महिन्यात इंदूरहून दोन दिवसांसाठी येतेय. लग्नाआधी ती नारायण पेठेतच वाड्यात राहायची. तिला पुण्यात कुठे खायला न्यावं? मी ठरवलंय की लहान पाटीच्याच ठिकाणी न्यायचं. तुमचं काय मत?

शेवचिवडा | 2 जून, रात्री 10:05

शंभर टक्के सहमत. वैद्य उपहारगृहाला विसरू नका. फडके हौदाजवळ. आलं आणि हिरव्या मिरचीच्या रश्शाची मिसळ. लाल तर्रीची सवय असलेला माणूस पहिल्या घासाला बावरतो, पण तिसऱ्या घासापासून बोलणं बंद.

पाटावरवंटा | 2 जून, रात्री 10:31

इंदूरच्या माणसाला पुण्यात खायला काय घालणार? ते सकाळी पोहे-जिलेबी खाऊन उठतात आणि रात्री सराफा बाजारातल्या खाऊगल्लीत खाऊन झोपतात. :)

आलंलिंबू | 2 जून, रात्री 10:40

पाटावरवंटा, आत्या पन्नास वर्षं तिकडे राहूनही म्हणते की पोह्यात बडीशेप घालणं तिला अजून जमलेलं नाही. :)

तांबडापांढरा | 3 जून, सकाळी 7:15

पुण्याच्या मिसळीवर मी काही बोलणार नाही, कारण पाहुण्यांचा मान ठेवायची आमच्या कोल्हापुरात पद्धत आहे. पण मुद्दा पटला. आमच्याकडे फडतरे घ्या, खासबाग घ्या. गेल्यावर 'काय घेणार' असं कोण विचारत नाही. 'किती' एवढंच विचारतात. माणूस बसला की मिसळ आली, कट, म्हणजे रस्सा, संपला की कट आला. ज्या हॉटेलात ऑर्डर घेताना पदार्थाचं नाव घ्यावं लागत नाही, ते हॉटेल चांगलं. ही माझी व्याख्या.

चिमणचारा | 3 जून, सकाळी 9:02

मला अजिबात पटलेलं नाही.

आमच्या घरात सासूबाईंना कांदा-लसूण चालत नाही, सासऱ्यांना मधुमेह आहे, धाकट्याला नूडल्सशिवाय दुसरं काही दिसत नाही, आणि नवऱ्याला आठवड्यातून एकदा तंदुरी लागते. चोवीस पानांचं मेनूकार्ड म्हणजे माझ्यासाठी दीड तासाची शांतता आहे. सगळे एका टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाच्या ताटात त्याच्या आवडीचं असतं, आणि मी स्वयंपाकघरात नसते. चव दहापैकी सहा असली तरी मी आनंदाने बिल भरते. लहान पाटीच्या दुकानात मी मैत्रिणीबरोबर जाते. कुटुंब घेऊन गेले की निम्मे जण उपाशी उठतात.

बाईमाणूस आठवड्यातून एकदा बाहेर जेवायला जाते ते चवीसाठीच जाते असं नाही, हे धाग्यात कुणीतरी लिहायला हवं होतं.

भटारखाना | 3 जून, दुपारी 12:48

मी अकरा वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काढली आहेत, त्यातली शेवटची चार पुण्यात. धागाकर्तीच्या तीन भाज्या एकसारख्या का लागल्या ते सांगतो. यात फसवणूक नाही. कामाची रीतच तशी आहे.

सकाळी नऊ-साडेनऊला किचन चालू झालं की आधी ग्रेव्ही पडते. साधारण तीन असतात. कांदा, काजू आणि मगज (टरबूज-खरबुजाच्या सोललेल्या बिया) उकडून वाटलेली पांढरी. टोमॅटोची लाल मखनी. कांदा-टोमॅटो परतून केलेली पिवळी किंवा ब्राऊन. मोठमोठ्या टोपांत करायच्या, गार करायच्या, फ्रीजमध्ये लावायच्या. ऑर्डर आली की पॅनमध्ये तेल-बटर, आलं-लसूण, एक किंवा दोन ग्रेव्हींचे डाव, पनीर किंवा भाजी, वरचा मसाला, कोथिंबीर. आठ मिनिटांत भाजी बाहेर. कार्डावर साठ भाज्या असल्या तरी आत तीनच टोप असतात. पिवळीत सुकी लाल मिरची आणि तीळ-खोबऱ्याचं वाटण गेलं की कोल्हापुरी, पांढरीत काजू गेले की काजू करी. वाटणात हात आखडला की सगळं सारखंच लागतं.

पण म्हणून मोठं कार्ड वाईटच, असं मी म्हणणार नाही. खरा प्रश्न कार्डाच्या लांबीचा नाही. माल फिरतो का, हा आहे. ज्या हॉटेलात दिवसाला चारशे माणसं जेवतात तिथली ग्रेव्ही संध्याकाळपर्यंत संपते, दुसऱ्या दिवशी ताजी होते. आणि दहाच पदार्थांची पाटी असलेल्या रिकाम्या हॉटेलात तिसऱ्या दिवशीची उसळही मी बघितली आहे. बसायच्या आधी टेबलं बघा. गर्दी असेल तर माल फिरतोय.

उडप्याकडे बघा ना. कार्डावर चाळीस नावं, पण पीठ तांदूळ-उडदाचंच. त्याच पिठाची इडली, साधा डोसा, मसाला डोसा, उत्तप्पा. सांबार एक, चटणी एक. म्हणजे पाटी लांब दिसते, पण किचन लहान असतं. सकाळी सातपासून ते पीठ वाहतं असतं, म्हणून उडपी टिकला.

भाकरीचं मात्र बरोबर आहे. तंदूरवाल्या किचनमध्ये भाकरी थापणारा हात नसतो. शेवटच्या पानावरची भाकरी कधीही मागवू नये.

शेवचिवडा | 3 जून, दुपारी 1:10

काका, हा प्रतिसाद साठवून ठेवतोय. 'माल फिरतो का' हे आता आमच्या ऑफिसच्या ग्रुपचं ब्रीदवाक्य.

कटिंगचहा | 3 जून, दुपारी 2:26

भटारखाना काकांना एक प्रश्न. वड्याच्या गाड्यांचं काय? तिथे तर एकच पदार्थ. आलंलिंबू यांच्या हिशोबाने ते सर्वात खरं किचन.

भटारखाना | 3 जून, दुपारी 3:05

कटिंगचहा, वड्याच्या गाडीवर तेल बघायचं. माल फिरतोच, पण तेल फिरतं का? अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा 1 जुलै 2018 पासून नियम आहे की तेलातले पोलर घटक (तेल पुन्हापुन्हा तापवलं की वाढणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल स्वयंपाकाला वापरायचं नाही. ते मोजायचं यंत्र आपल्या खिशात नसतं, पण डोळे आणि नाक असतं. तेल काळपट, दाट दिसत असेल, कढई तापली की फेस कडेला जमून राहत असेल, धुराचा उग्र वास येत असेल, तर पुढची गाडी बघायची. चांगल्या गाडीवर वडा कढईत पडल्यावर तुम्हाला त्याचा रंग दिसतो.

माटुंगा_मार्केट | 3 जून, सायंकाळी 6:50

मुंबईकडून लिहिते. उडप्याचा विषय निघालाय तर माटुंग्याचं रामा नायकांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग सांगायलाच हवं. स्टेशनला लागून, 1942 पासून. कार्ड वगैरे काही नाही, जेवण म्हणजे जेवण. केळीच्या पानावर भात, सांबार, रसम, भाज्या, ताक. मी कॉलेजात असताना महिन्याच्या पहिल्या तारखेला तिथे जायचे आणि शेवटच्या आठवड्यात वडापाववर राहायचे. वाढणारा माणूस पानाकडे बघतो, तुमच्याकडे नाही. पान रिकामं दिसलं की भात पडतो. लहानपणी आजी अशीच वाढायची.

दुसरं उदाहरण बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया. 1923 चं. लोक बेरी पुलावासाठी जातात, आणि कितीतरी वर्षं तिथे जेवण फक्त दुपारचं असायचं. इतकी वर्षं त्यांना रात्री दुकान उघडायचा मोह झाला नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. आपण काय करतो आणि काय करत नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो टिकतो.

पण दादरचं आस्वादही आहे. तिथे पाटी लहान नाही. थालीपीठ, साबुदाणा वडा, कोथिंबीर वडी, मिसळ, वरण-भात, सणासुदीचे पदार्थ. त्यांच्या मिसळीला 2015 मध्ये जगातला सर्वात चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून लंडनला पुरस्कार मिळाला. म्हणजे लांब यादीतूनही एक पदार्थ जगात पहिला येऊ शकतो. आलंलिंबू, तुमचा नियम इथे अडतो.

आलंलिंबू | 3 जून, रात्री 8:15

आस्वादचं मान्य. पण ती यादी लांब असली तरी एका घरातली आहे. तिथला कुठलाही पदार्थ दुसऱ्याच्या शेजारी परका वाटत नाही. मग माझा नियम थोडा दुरुस्त करते: यादी कितीही लांब असो, ती एका स्वयंपाकघराची वाटली पाहिजे.

चिमणचारा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या बाजूने मी विचारच केला नव्हता.

तर्रीपोहा | 3 जून, रात्री 9:30

नागपूरकर हजर. सावजीकडे या. मटण, चिकन, खिमा, अंडाकरी, सगळ्यांचा मसाला एकाच घराण्याचा. विणकर हलबा-कोष्टी समाजाच्या घरातला हा स्वयंपाक, घरातूनच भोजनालयात आला. घाम पुसायला रुमाल स्वतःचा आणायचा.

कटिंगचहा | 3 जून, रात्री 9:41

78 वर्षांच्या आत्यांना सावजी? तर्रीपोहा, दया करा. :)

जुनाबाजार | 4 जून, सकाळी 8:20

चर्चा छान चालली आहे. थोडं मागे जाऊ का?

आपण ज्याला लहान पाटी म्हणतोय तिचं मूळ खानावळीत आहे. खानावळीत पाटी नसायचीच. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार एकटे राहायचे, दहा-दहा जण एका खोलीत. त्यांना जेवू घालणाऱ्या बायका चाळीतल्या आपल्याच खोलीत पंधरा-वीस जणांचं शिजवायच्या. आज जे शिजलं ते जेवायचं, हिशेब पगाराला. कितीतरी घरं त्या बायकांनी अशीच चालवली, आणि कुणी त्यांना कधी धंदेवाईक म्हटलं नाही, कर्जही दिलं नाही. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून देणं, हे पहिलं काम. 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या तसं जेवणारं गिऱ्हाईकही पांगलं.

मला वाटतं, शहरातली उत्तम जेवणं कायम अशाच ठिकाणी झाली, जिथे शिजवणारीला जेवणारा नावाने ओळखत होता. पाटी लहान असण्यापेक्षा ही ओळख मोठी.

पुण्यापुरतं सांगायचं तर याच शहरात बाहेर चहा पिणं हा एके काळी गुन्हा होता. 1890 मध्ये पंचहौद इथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. नावं वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तं झाली. त्या पंचहौदापासून फडके हौद चालत फार लांब नाही. आज तिथे रविवारी सकाळी मिसळीला रांग असते आणि कोण कोणाशेजारी बसलंय हे कुणी विचारत नाही. मला ती रांग बघायला आवडते.

चिमणचारा | 4 जून, सकाळी 9:48

जुनाबाजार, सुरेख लिहिलंत. माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी हॉटेलात 'फॅमिली रूम' असायची. लाकडी फळ्यांची, दारात पडदा. बाईला हॉटेलात बसायचं तर तिथेच, आणि बरोबर घरचा पुरुष हवा. एकटी बाई बाहेरच्या बाकावर चहा पितेय असं दृश्य नव्हतंच. त्यामुळे जुन्या छोट्या हॉटेलांच्या आठवणी निघतात तेव्हा माझ्या मनात येतं की या आठवणी बहुतेक पुरुषांच्याच आहेत.

पाटावरवंटा | 4 जून, सकाळी 10:15

खरंय. माझ्या आईने गुडलकचा बन-मस्का पहिल्यांदा खाल्ला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती. मीच नेलं होतं. 1935 चं हॉटेल, घरापासून चालत वीस मिनिटं. तिला विचारलं, इतकी वर्षं का गेली नाहीस? म्हणाली, 'कुणी चल म्हटलं नाही.'

अर्धीवाटी | 4 जून, दुपारी 4:32

मोठ्या कार्डाचा आणखी एक बाप आहे, तो म्हणजे घरपोच मागवायचं अॅप. माझ्या भावाचं छोटं पोळीभाजी केंद्र आहे. अॅपवर गेल्यावर दर ऑर्डरमागे पाव हिस्सा कमिशनमध्ये जायला लागला. मग सल्ला मिळाला की पदार्थ वाढवा, म्हणजे शोधात वर याल. त्याने पुलाव, मंचुरियन, पराठे वाढवले. दोन महिन्यांत पोळीच्या पिठाकडे लक्ष कमी झालं आणि जुनी गिऱ्हाइकं 'पोळी पूर्वीसारखी नाही' म्हणायला लागली. शेवटी अॅप ठेवलं, पण मंचुरियन काढलं. आता पोळी, दोन भाज्या, वरण, भात. आजीबाई परत यायला लागल्या आहेत.

तेव्हा मोठ्या कार्डाच्या मालकावर लगेच रागवू नका. भाडं, गॅस, पगार आणि कमिशन यात तोही पिचलेला असतो.

तांबडापांढरा | 4 जून, सायंकाळी 5:00

मंचुरियन काढायला धाडस लागतं. भावाला नमस्कार सांगा.

माटुंगा_मार्केट | 4 जून, सायंकाळी 7:22

सगळ्यात लहान पाटी कुणाची? शिवभोजन केंद्राची. ही सरकारी थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. दोन चपात्या, भाजी, वरण, भात, तेव्हा दहा रुपयांत. त्याआधी 1995 नंतर एक रुपयात झुणका-भाकर होती. आमच्या इथल्या शिवभोजन केंद्रात मी दोनदा जेवले, कारण ऑफिसातल्या मावशी तिथे जायच्या. वरण पातळ होतं, पण गरम होतं. शेजारी बसलेल्या माणसाने ताटातला शेवटचा भाताचा कण वेचून खाल्ला. चवीवर लिहिताना हे ताटही शहरातलंच आहे, एवढं लक्षात असू द्या.

गुडघेदुखी | 5 जून, सकाळी 6:55

आलंलिंबू, तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सगळे आत्याबाईंना विसरले.

मी 74 वर्षांचा आहे. पुण्यातल्या जुन्या छोट्या ठिकाणी जाताना आता माझ्या मनात चवीच्या आधी चार गोष्टी येतात. आत जायला पायरी किती उंच? बसायला पाठीची खुर्ची की बाकडं? उभं राहायला लागेल का? आणि स्वच्छतागृह आहे का? या चारांत छोटी हॉटेलं बहुधा नापास होतात. रविवारी सकाळी आत्याबाईंना रांगेत उभं करू नका. मधल्या वारी सकाळी आठ-साडेआठला न्या, गर्दी कमी असते, सॅम्पल ताजं असतं. तिखट कमी हवं असेल तर आधीच सांगा.

दुपारी पेठांत फिरू नका, निम्मी दुकानं बंद असतात. कँपात कयानी बेकरीची श्रुजबेरी बिस्किटं घ्यायची असतील तर दुपारच्या सुट्टीची वेळ टाळून जा. आत्याबाईंना गाडीत बसवा आणि रांगेत तुम्ही उभ्या राहा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. त्यांनाच विचारा की काय खायचंय. आम्हा म्हाताऱ्यांना कुणी विचारत नाही, सगळे नेतात.

आलंलिंबू | 5 जून, सकाळी 8:10

काका, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आज फोन करते.

आलंलिंबू | 5 जून, रात्री 9:55

फोन केला. आधी म्हणाली, 'तू नेशील तिथे.' मी हट्टाने विचारलं तेव्हा जरा थांबून म्हणाली, 'बेडेकरांकडे आत बसायचंय.'

मला वाटलं, जुनी आठवण असेल. तर आठवण उलटीच निघाली. ती वाड्यातून शाळेला रोज त्याच बाजूने जायची. तिचे वडील आणि भाऊ तिथे बसायचे. पाहुणे आले की भावाबरोबर डबा जायचा आणि मिसळ घरी यायची. बायका स्वयंपाकघरात सगळ्यांचं झाल्यावर खायच्या, तोवर शेव मऊ झालेली असायची. 'मला कुरकुरीत शेव असलेली मिसळ ठाऊकच नव्हती गं,' म्हणाली.

चिमणचारा, पाटावरवंटा, तुमचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले.

चिमणचारा | 5 जून, रात्री 10:20

आता मात्र नक्की न्या. आणि इथे येऊन लिहा.

कटिंगचहा | 5 जून, रात्री 10:24

शक्य झालं तर मीही येतो. लांबून बघेन. :)

भटारखाना | 6 जून, दुपारी 1:15

ताट टेबलावर आलं की शेव लगेच खायची, सॅम्पल एकदम ओतायचं नाही. बाजूने थोडं थोडं घालायचं. आत्याबाईंना माझ्याकडून एवढं सांगा.

तर्रीपोहा | 6 जून, दुपारी 2:40

परतीच्या प्रवासात नागपूर लागत नाही याचं वाईट वाटतंय.

आलंलिंबू | 11 जुलै, दुपारी 12:30

मंडळी, धागा वर काढते. काल सकाळी जाऊन आलो.

गुडघेदुखी काकांचं ऐकून मधला वार आणि सव्वाआठची वेळ धरली. गाडी अगदी जवळ उभी करून आत्याला हात धरून नेलं. पायरीशी ती क्षणभर थांबली, पदर सारखा केला. आत चार टेबलं भरलेली होती. एका टेबलावर कॉलेजच्या दोन मुली मिसळ खात मोठ्याने हसत होत्या. आत्या मुद्दाम त्यांच्याच टेबलावर जाऊन बसली. मी भिंतीकडची जागा दाखवत होते, पण ती म्हणाली, 'इथेच.'

कमी तिखट सांगितलं. ताट आलं. भटारखाना काकांचा निरोप सांगितला, तर तिने सॅम्पलची वाटी बाजूला सरकवली आणि आधी नुसती शेव चमच्याने उचलून खाल्ली. कितीतरी वेळ चावत होती. मग सॅम्पल थोडं थोडं. ब्रेडचे दोन स्लाइस संपवले, आणि स्वतःच हात वर करून 'जरा सॅम्पल आणा' म्हणाली. त्या मुलींपैकी एकीने तिला विचारलं, 'आजी, पहिल्यांदा आलात का?' आत्या म्हणाली, 'हो. राहायला इथेच होते.'

बिल मी देत होते. तिने माझा हात धरला आणि बटव्यातून पैसे काढून गल्ल्यावर स्वतः दिले.

आता एक प्रश्न. तिचा मुक्काम उद्या संध्याकाळपर्यंत आहे आणि काल रात्री तिने यादीच काढली आहे. पहिलं नाव गुडलकचं आहे, बन-मस्का आणि चहा. वरच्या मजल्यावर न चढता खाली बसायला सकाळी किती वाजता जावं? पाटावरवंटा, तुम्ही आईंना नेलं होतं तेव्हा किती वाजता गेला होतात?

पाटावरवंटा | 11 जुलै, दुपारी 12:41

सकाळी साडेसातला. आणि उद्या त्यांच्या सुट्टीचा वार नाही ना, ते बघा.